प्रोसेसरचा वेग थोडा आवरला तर

निपाणीत माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत तिथं बसायला जागा मिळत नाही. एकाच पत्रिकेत अर्धा मजकूर मराठी, अर्धा कन्नड. गिऱ्हाईक शेजारी बसून पाहुण्यांची नावं सांगतं आणि टेबलाखाली सीपीयूचा पंखा घरघरतो. एप्रिलमध्ये मी तासभर तिथं बसलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पंखा सतत ओरडत नव्हता. फाइल उघडली की चढायचा, चार सेकंदांत उतरायचा, फाँट बदलला की पुन्हा चढायचा. सलग घरघर कान विसरतात, ही चढउतार मात्र डोकं उठवते.

ती येते 'बूस्ट'मुळे. काम आलं की प्रोसेसर स्वतःहून मूळ वेगापेक्षा वर झेप घेतो. इंटेलने 2008 मध्ये टर्बो बूस्ट आणला. आज बहुतेक प्रोसेसर हेच करतात. उदाहरणार्थ एएमडी कंपनीचा राइझन 5 5600एक्स हा प्रोसेसर: मूळ वेग 3.7 गिगाहर्ट्झ, बूस्ट 4.6 पर्यंत. म्हणजे सेकंदाला 460 कोटी ठोके.

या वरच्या वेगाची किंमत फार मोठी असते. चिपमधला प्रत्येक स्विच ही एक छोटी घागर समजा. ती विजेने भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. घागर लवकर भरायची तर पाण्याला जोर हवा, म्हणजे टाकी उंचावर हवी. चिपमध्ये ही उंची म्हणजे व्होल्टेज. टाकी उंच केली की पंपाला प्रत्येक घागरीमागे जास्त वीज लागते. त्यात चिपमधली घागर व्होल्टेज वाढलं की जास्त भरतेही. म्हणून एका ठोक्याचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि ठोकेही वाढलेले असतातच.

आकडे घालून बघू. समजा 4.6 गिगाहर्ट्झला 1.35 व्होल्ट लागतात आणि 3.7 ला 1.05 पुरतात. वेग पाचातला एक भाग उतरला. व्होल्टेजचा वर्ग 0.6 पट झाला. दोन्हींचा गुणाकार 0.49. ठोक्यांतून निघणारी उष्णता निम्म्यावर आली! पत्रिका जुळवताना वेगातला फरक हाताला जाणवतही नाही, कारण बराचसा वेळ मशीनच माणसाच्या बोटांची वाट बघत असतं.

पंख्याचं गणित तर आणखी आपल्या बाजूचं. त्याचा वेग निम्मा केला, तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. 10 उतरले तरी कानाला तो निम्मा वाटतो. उन्हाळ्यात हे जास्तच कामाचं, कारण खोलीचा पारा 24 वरून 36 वर गेला की तेवढ्याच कामाला चिपही जवळपास 12 अंशांनी जास्त तापते.

करायचं कसं? विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के ठेवली की बऱ्याच मशीनवर बूस्ट बंद होतो. भावाच्या मशीनवर मी एवढंच केलं. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही. तिथं बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधून करावं लागतं. पण सरसकट हे करू नका. इंटेलच्या आय5-12400 चा मूळ वेग 2.5 आणि टर्बो 4.4 आहे, तिथं बूस्ट पूर्ण बंद केला तर मशीन खरंच मंद वाटेल. अशा ठिकाणी बायोसमध्ये वॅटची मर्यादा घालावी. झेप राहते, फक्त आवाक्यात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनीही बूस्ट बंद करण्यापेक्षा वॅटच कमी करावेत, नाहीतर रेंडरिंग रेंगाळतं.

आणि या सगळ्याआधी झाकण उघडून बघा. निपाणी तंबाखूचं गाव. भावाच्या मशीनमधल्या हिटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये तपकिरी भुकटीचा थर बसला होता, बोटाने खरवडला तर वडीसारखा निघाला. तो ब्रशने काढला, मग 99 चा आकडा घातला. दुपारी एक आजोबा पत्रिका द्यायला आले. नातीच्या सासरच्या गावाचं नाव त्यांना एकदाच सांगावं लागलं.