दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या त्वचेवर मृत पेशींचा संरक्षक थर १० ते २० पदरी असतो. २८व्या आठवड्याच्या सुमारास जन्मलेल्या बाळात त्याचे जेमतेम २-३ पदर असतात. २३-२४ आठवड्यांच्या बाळात तो जवळपास नसतोच. सलाईनची चिकटपट्टी ओढून काढली तर तिच्याबरोबर कातडीही सोलून येते. जंतूंना आत शिरायला तेवढी जखम पुरते.

आत लढणारी फौजही अपुरी असते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाला मिळतात ती मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, आणि या बाळाचे नेमके तेच दिवस हुकलेले असतात.

अशा वेळी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू घातक ठरतो. एरवी तो कित्येक निरोगी माणसांच्या नाकात निमूट राहतो. त्याच्या काही जाती एक विष तयार करतात. त्वचेच्या वरच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे डेस्मोग्लीन-१ नावाचे प्रथिन हे विष नेमके कापते. मग अंग लाल होते, फोड येतात, भाजल्यासारखी कातडी सुटते. विशेष म्हणजे या फोडांतल्या पाण्यात बहुधा जंतू सापडतच नाहीत. ते बसलेले असतात नाभीत किंवा नाकात. तिथून विष रक्तावाटे सगळीकडे पोहोचते. ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे, पण तेही अजून कच्चेच. प्रागमधले डॉक्टर रिटर यांनी १८७८ मध्ये नवजात बाळांमधल्या या आजाराचे वर्णन केले होते.

सुडोमोनास हा जंतू वेगळी खूण सोडतो: लालसर डाग बघता बघता मधोमध काळा पडतो. नाभीभोवतीची लाली पसरत गेली, तर संसर्ग पोटाच्या भिंतीत खोल उतरत असू शकतो.

पालकांना एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या बाळांना ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडते, दूध पिणे मंदावते, श्वास मध्येच थांबतो. त्यामुळे ‘ताप नाही, उद्या पाहू’ असे म्हणत थांबू नये. एखादा पू भरलेला फोडही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. शिरेतून प्रतिजैविके लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते.

प्रतिबंधाचे उपाय मात्र साधे आहेत. बाळाला हात लावण्याआधी प्रत्येकाने, प्रत्येक वेळी हात धुवायचे. चिकटपट्टी कमीत कमी वापरायची, नाभी स्वच्छ आणि कोरडी ठेवायची, आईचे दूध द्यायचे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरण्याची कांगारू पद्धत जंतुसंसर्ग कमी करते. जन्मानंतर शक्य तितक्या लवकर ती सुरू करा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. बहुतेक बाळांची त्वचा २ ते ४ आठवड्यांत बरीच पक्व होते, अगदी लवकर जन्मलेल्यांना त्याहून जास्त काळ लागतो.