'मंजूर' म्हणजे नक्की काय? इंजिनिअरचं आणि आमदाराचं

निवडणूक आली की कोथरूडपासून हडपसरपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "उमेदवार सिव्हिल इंजिनिअर आहे, आता रस्ते सुधारतील." इंजिनिअर विधानसभेत जावा असं मलाही मनापासून वाटतं. पण आमदार झाल्यावर त्याच्या सहीचा अर्थ बदलतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

इंजिनिअरचं काम तुम्हाला ठाऊक आहे: ड्रॉइंग, सळई, क्यूब टेस्ट (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासणं), एमबी म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप वही भरणं. आमदार विधानसभेतल्या २८८ जणांपैकी एक. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, त्यामुळे गल्लीतल्या खड्ड्यासाठी आधी नगरसेवकाला गाठा.

खरा घोळ 'मंजूर' या शब्दात आहे. चौकात फ्लेक्स लागतो, 'पुलासाठी निधी मंजूर', आणि लोक दुसऱ्या दिवसापासून जेसीबीची वाट बघतात. अर्थसंकल्पात पुलाचं नाव आलं, तर ती फक्त तरतूद. कधी ती नाममात्र असते, म्हणजे काम यादीत येतं पण पैसा येत नाही. सभागृह मत देतं ते या तरतुदीवर. पुढे ढोबळ खर्चावर प्रशासकीय मान्यता मिळते, ती शासन किंवा अधिकारी देतो. मग दरसूचीप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, प्रत्येक बाबीचं अंदाजपत्रक तयार होतं आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळते. ही सही इंजिनिअरची, आणि पद असलेल्याच इंजिनिअरची. आमदाराकडे बी.ई.ची पदवी असली तरी ती सही त्याला करता येत नाही. त्यानंतर निविदा, शेवटी कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश. माझ्या लेखी काम मंजूर झालं ते या आदेशाच्या तारखेला, त्याआधी नाही.

स्थानिक विकास निधीतही, वर्षाला ५ कोटी असले तरी, आमदार काम सुचवतो आणि मान्यता जिल्हाधिकारी देतात. 'आमदारांनी पूल बांधला' हे वाक्य म्हणूनच मला खटकतं. उन्हातान्हात स्लॅबवर उभ्या राहिलेल्या जेईचं (कनिष्ठ अभियंत्याचं) नाव त्यात कुठेच नसतं.

इंजिनिअरला निवडून द्या म्हणताना विश्वेश्वरय्यांचं उदाहरणही चुकीचं दिलं जातं. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे इंजिनिअर पुढे म्हैसूरचे दिवाण झाले. पण दिवाणपद महाराजांच्या नेमणुकीचं होतं. मतं मागून ते तिथे गेले नव्हते.

इंजिनिअर आमदाराचा खरा उपयोग लोकलेखा समितीत (सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी आमदारांची समिती) आणि अनुदानाच्या मागण्यांवरच्या, म्हणजे खात्यांनी सभागृहाकडे मागितलेल्या पैशांवरच्या, चर्चेत. खोदाईचं परिमाण मध्येच दुप्पट कसं झालं, निविदेनंतर जादा बाबी कुठून आल्या, हे कागद हातात घेऊन विचारायला साइटवर घालवलेली वर्षं लागतात. माझं मत मी त्यासाठी देईन.