निलंबन बुश (ऑफ-रोड वाहनातील)

वाहनाच्या निलंबनात (सस्पेन्शनमध्ये) सांगाड्याला किंवा ॲक्सलला आर्म, रॉड, स्प्रिंगचे पाटे जेथे जोडले जातात तेथे बसवलेला लवचिक सांधा. धातूच्या दोन नळ्या एकीत एक, मधल्या जागेत रबर किंवा पॉलियुरेथेन, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘बुश’ किंवा ‘सायलेंट ब्लॉक’ म्हणतात.

दुसरे नाव ‘सिलांब्लॉक’ या फ्रेंच व्यापारनामावरून आले. त्याचे श्रेय बहुधा लेओं तिरी या अभियंत्यांना दिले जाते; काळ साधारणपणे १९२० चे दशक. मॅक या अमेरिकी ट्रक कंपनीने पाट्यांची टोके रबरी ठोकळ्यांत धरण्याची पद्धत १९२१ च्या सुमारास आणली होती. तिला बुशाचे मूळ मानावे की नाही, हे व्याख्येवर ठरते. ठोकळ्यातले रबर मुख्यतः दबते. तिरींच्या रचनेत ताणून दोन नळ्यांत कोंबलेले रबर न घसरता पिळले जाते. पीळ हेच बुशाचे लक्षण धरले, तर तिरींचा हक्क अधिक ग्राह्य वाटतो. धातूला पक्के चिकटवलेले रबर ही पुढची पायरी.

गाडीचे सेकंदाला १ ते २ वेळा होणारे हेलकावे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर सांभाळतात. बुशाच्या वाट्याला येते ती त्याहून जलद थरथर, खडीचा खडखडाट आणि दगडाचा पहिला ठोसा. त्यामुळे गाडी आदळते म्हणून नवे बुश घालणाऱ्याने आधी स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि टायरमधील हवा तपासलेली बरी.

शोअर ‘ए’ या कडकपणाच्या मापात रबरी बुश साधारण ५० ते ७०, पॉलियुरेथेनचे ७० ते ९५ भरतात. तरी आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. टोयोटाच्या लँड क्रूझर ८० मालिकेत पुढच्या ॲक्सलवर प्रत्येक रेडियस आर्म (ॲक्सलला सांगाड्याशी जोडणारा लांब दांडा) दोन बुशांनी धरलेला असतो. एक चाक दगडावर चढले आणि दुसरे खड्ड्यात उतरले की दोन्ही आर्म ॲक्सलला उलटसुलट पिळू पाहतात. ॲक्सल पिळला जात नाही. झुकावे लागते ते बुशाला. येथे कडक पॉली (पॉलियुरेथेनचे बुश) बसवल्यास चाक लवकर अधांतरी होते आणि धक्का थेट आसनापर्यंत येतो. आरामासाठी या जागी मूळ प्रतीचे रबरच योग्य. पॅनहार्ड रॉडला, म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याला, पॉली चालते. स्टिअरिंग नेमके होते, आवाज थोडा वाढतो. मात्र नळीवर घसरणाऱ्या पॉलीला ग्रीस लागते. चिखल शिरला की पॉली कुरकुरते. गोळ्याचे धातुसांधे मोकळे फिरतात, पण थरथर जराही गाळत नाहीत.

काही रबरी बुशांत अर्धचंद्राकृती पोकळ्या ठेवतात. पोकळीच्या दिशेला बुश मऊ, आडव्या दिशेला कडक. म्हणून तो दाबून बसवताना जुन्या बुशावरील खूण पाहावी लागते. चिकटवलेल्या रबराचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळतात. जॅकवर, चाके लोंबत असताना आवळल्यास गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.