मिठाला साखरेची सोबत

प्रागमधल्या तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मला पहिली उलटी झाली. पहाटेपर्यंत पोटात काही उरलं नव्हतं, तरी जुलाब थांबेनात. सकाळी आईचा फोन आला. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि निदान केलं, "पाणी बाधलं तुला."

आपल्याकडे गाव बदललं आणि पोट बिघडलं की दोष पाण्याला जातो. प्रागच्या नळाला येणारं पाणी बहुतांशी झेलिव्का नदीवरच्या धरणातून, शुद्ध होऊन येतं आणि तिथले लोक ते थेट नळाचं पितात. नुसतं पाणी बदलल्यानं कुणी आजारी पडत नाही, जंतू पोटात गेला तर पडतं. युरोपातल्या शहरात अशा अचानक उलट्या-जुलाब सुरू झाल्या, तर पहिला संशय नोरोव्हायरसवर घ्यावा. त्याचे मोजके कण लागण व्हायला पुरतात आणि १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. ट्रामचा दांडा, हॉटेलातला नाश्त्याचा चमचा, कुठूनही तो हातावर येतो. सॅनिटायझरला तो फारसा दबत नाही, हात साबणानंच धुवावे लागतात.

आईचं निदान शब्दशः खरं ठरेल अशी एक जागा मात्र चेक देशातच आहे. कार्लोवी व्हारीला पर्यटक चोचीच्या कपातून गरम झऱ्यांचं पाणी पितात. त्या पाण्यात सोडियम सल्फेट भरपूर असतं. सल्फेट आतड्यातून नीट शोषलं जात नाही, ते तिथेच राहतं आणि पाणी धरून ठेवतं. म्हणून ते पाणी रेचक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्या नेमकं उलट आहे.

बायको कोपऱ्यावरच्या 'लेकारना'त, म्हणजे औषधाच्या दुकानात गेली आणि ओआरएसची पाकिटं घेऊन आली. पाण्यात विरघळवलेलं मीठ आणि साखर. मला विज्ञानातली फार थोडी उत्तरं इतकी सुंदर वाटतात.

आपण दिवसाला साधारण २ लिटर पाणी पितो. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा स्राव मिळून शरीर आणखी ७ लिटर आतड्यात ओततं. या ९ लिटरपैकी शौचावाटे जेमतेम १०० ते २०० मिलीलिटर बाहेर जातं. बाकी सगळं, मुख्यतः लहान आतड्यातून, परत रक्तात येतं. ही परतफेड चुकली की जुलाब.

पण पाणी परत खेचणारा पंप शरीरात कुठेच नाही. पेशींना क्षार हलवता येतात. क्षार गेले की पाणी त्यांच्या मागून जातं.

आतड्याच्या पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला एक पंप अखंड चालू असतो. तो दर फेरीला ३ सोडियम आयन (मिठातले विद्युतभारित कण) बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. या पंपामुळे पेशीत सोडियम कायम कमी असतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, जिथे अन्न असतं, तिथे एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन दारासारखं बसलेलं आहे. २ सोडियम आणि १ ग्लुकोज एकत्र आले तरच ते त्यांना आत सोडतं. सोडियमला आत शिरायची ओढ असतेच, त्या ओढीवर ग्लुकोजही आत येतं.

ही ओढ किती? ढोबळ आकडे घेऊ. सोडियम बाहेर आतल्यापेक्षा दहापट. शिवाय पेशीचा आतला भाग सुमारे ६० मिलिव्होल्टनं ऋणभारित, त्याचा परिणाम आणखी दहापट. म्हणजे एका सोडियममागे शंभरपट जोर. सोडियम दोन, म्हणून शंभर गुणिले शंभर, दहा हजार. ग्लुकोज पेशीत बाहेरच्यापेक्षा तात्त्विकदृष्ट्या दहा हजार पट साठवता येईल एवढी ताकद या दारात आहे! आता पाण्याचा हिशेब. २ सोडियमबरोबर विद्युतभार जुळवायला २ क्लोराइड येतात, एक ग्लुकोज, एकूण पाच कण. लहान आतड्यातून शोषला जाणारा द्रव रक्ताइतकाच संहत असतो, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची दाटी रक्ताइतकीच असते, आणि त्या संहतीला एका कणामागे पाण्याचे १९० च्या आसपास रेणू बसतात. दाराच्या एका उघडझापीला साडेनऊशे रेणू पाणी शरीरात परत.

सोडियमच्या ओढीवर साखर आत येते, ही कल्पना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये एका परिसंवादात मांडली. तो परिसंवाद प्रागमध्येच झाला होता. हे मला आधीपासून ठाऊक होतं, आणि त्या शहरात अंथरुणावर पडून तो पेला हातात धरताना अंगावर काटा आला.

कॉलऱ्याचं विष शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात शोधलं. हे विष पेशीला क्लोराइड बाहेर ओतायला लावतं आणि मीठ एकट्यानं आत यायची वाट बंद करतं. प्रवाशांना जुलाब करणाऱ्या काही ई. कोलाय जंतूंचं विषही असंच वागतं. पण ग्लुकोजबरोबरचं दार उघडंच राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ वर आलं. 'सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट वाचावी.

आजच्या ओआरएसमध्ये लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल असतं, म्हणजे दोन्हींच्या कणांची संख्या सारखी. दार दोनास एक मागतं, मग इथे समसमान का? कारण जुलाबात शरीराचं सोडियम आतड्यात आधीच उतरलेलं असतं. कोलामध्ये साखर १०० मिलीलिटरमागे १० ग्रॅमहून जास्त आणि सोडियम नावापुरतं. एवढी साखर आतड्यात उलट पाणी ओढते. गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' छापून ती वर्षानुवर्षं आजारी मुलांना पाजली गेली, याचा मला मनापासून राग येतो. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी चिकाटीनं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर हा शब्द वापरायला मनाई केली.

पाकीट मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी होत असेल तर एकेक चमचा, दर एक-दोन मिनिटांनी. शौचात रक्त, मोठा ताप, लघवी जवळजवळ बंद, किंवा आजारी माणूस तान्हं मूल किंवा वृद्ध असेल, तर मात्र थांबू नका. युरोपात ११२ ला फोन करा. शेंगेन व्हिसासाठी काढलेला विमा अशाच वेळेसाठी असतो.

आजाराच्या दुसऱ्या रात्री उलट्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी आईनं फोनवर सांगितलं, "मीठ घालून पेज पी." प्रागमध्ये पेज कुठून मिळणार? बायकोनं खालच्या खानावळीतून बटाट्याचं सूप आणलं, दाट आणि चांगलं खारट. बटाटा काय, तांदूळ काय, स्टार्च म्हणजे ग्लुकोजची साखळीच. आतड्यात ती सुटते, मीठ शेजारी असतंच. तांदळाच्या पिठाचं ओआरएस कॉलऱ्यात उपयोगी पडतं, ते यामुळेच. सूप संपल्यावर मी आईला फोन केला आणि पेज मिळाली म्हणून सांगितलं.