मीटर काळा पडला म्हणजे डिस्प्ले गेला असं नाही

एप्रिल उजाडला की आमच्या म्हापशाच्या दुकानात एकच तक्रार सुरू होते: "मीटरवरचं काही दिसत नाही, नवीन कितीला पडेल?" विचारणारे बहुतेक पायलट (मोटारसायकल-टॅक्सीवाले) किंवा भाड्याने स्कूटर देणारे. दिवसभर गाडी उन्हात, त्यामुळे नवल नाही. नव्या मीटरचा भाव सांगण्याआधी आम्ही ड्रॉवरमधून राखाडी प्लास्टिकची एक पट्टी काढतो, मीटरसमोर धरतो आणि हळूहळू फिरवतो. पुष्कळदा किलोमीटरचे आकडे ठळक उमटतात. पट्टी बाजूला केली की गायब. गिऱ्हाईक आमच्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघतं. जादू काही नाही. ती पट्टी म्हणजे पोलरायझर, एकाच दिशेने थरथरणारा उजेड पुढे सोडणारी फिल्म. मीटरचा स्वतःचा पोलरायझर मेलेला असतो, आतला द्रव ठणठणीत असतो.

आत असतं काय

मीटरचा डिस्प्ले एलसीडी असतो. एलसीडी म्हणजे दोन पातळ काचा, त्यांच्यामध्ये द्रव-स्फटिकाचा एक थर, आणि काचांना बाहेरून चिकटवलेल्या दोन पोलरायझर फिल्म. मधला थर जेमतेम काही मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही पातळ.

द्रव-स्फटिक हे नाव ऐकून लोक गोंधळतात. समुद्रातला तारल्यांचा थवा आठवा. प्रत्येक मासळी मोकळी फिरते, जागा कोणाचीच ठरलेली नाही, पण अंगं सगळ्यांची एकाच रेषेत. तीच मासळी बर्फाच्या पेटीत ओळीने रचली तर स्फटिक, पाटीत ओतली तर साधं पाणी किंवा तेल. द्रव-स्फटिक म्हणजे तो पोहणारा थवा. त्याचे लांबट रेणू वाहतात, तरी एका दिशेने लवंडलेले राहतात. (फरक एवढाच की रेणूंना तोंड कुठे आणि शेपूट कुठे याचं सोयरसुतक नसतं.)

हा पदार्थ सापडला गाजरामुळे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. 1888 साली प्राग इथे फ्रीडरिश रायनित्सर हे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून मिळालेल्या कोलेस्टेरॉलचं एक संयुग तापवत होते. ते 145 अंशांच्या आसपास वितळून गढूळ झालं, आणि 178 अंशांच्या पुढे एकदम स्वच्छ. एकाच पदार्थाचे दोन वितळबिंदू! ती गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक, आणि त्याच जातीचा द्रव आज तुमच्या मीटरमध्ये आहे.

प्रकाश कसा वळतो

उजेडाची लाट पुढे जाताना आडवी-उभी-तिरकी, सगळीकडे थरथरते. पोलरायझर त्यातली एकाच दिशेची थरथर पुढे सोडतो. त्यासाठी प्लास्टिकची फिल्म ताणून तिच्यात आयोडीन मुरवतात. आयोडीनच्या साखळ्या ताणलेल्या दिशेने रांगेत बसतात आणि त्या दिशेची थरथर गिळतात. शाळेत खिडकीच्या गजांतून हलणारी दोरी दाखवतात ना, त्याच्या हे नेमकं उलटं आहे: गजांना समांतर हलणारी दोरी अडते आणि आडवी हलणारी पार जाते.

दोन पोलरायझर एकमेकांना काटकोनात ठेवले तर पलीकडे काळोख. मीटरमध्ये ते तसेच बसवलेले असतात, मग उजेड येतो कुठून? इथे द्रव कामाला येतो. काचेच्या आतल्या अंगावर बारीक घासून दिशा दिलेला लेप असतो. खालच्या काचेवर रेणू एका दिशेने, वरच्या काचेवर त्याच्या काटकोनात, आणि मधले थराथराने थोडे थोडे वळत गेलेले. एकूण वळण 90 अंश. या रेणूंच्या लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्या दिशेने प्रकाशाचा वेग वेगवेगळा असतो, म्हणून आत शिरलेल्या प्रकाशाची थरथर त्या वळणाबरोबर वळत जाते आणि दुसऱ्या पोलरायझरमधून सुखरूप बाहेर पडते. तिथे तुम्हाला फिकट पार्श्वभूमी दिसते.

आकड्याच्या जागी दोन-तीन व्होल्ट मिळाले की तिथले रेणू काचेला काटकोनात उभे राहतात. वळण मोडतं, प्रकाश न वळता जातो आणि वरच्या फिल्मवर अडतो. तो काळा आकडा म्हणजे शाई नव्हे, अडलेला उजेड. 1970 साली मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये ही रचना करून दाखवली. घड्याळ, कॅल्क्युलेटर, स्कूटरचा मीटर यांत आजही बहुतेक तीच आहे. (दुकानात नेहमी वाद होतो म्हणून सांगतो: 'एलईडी टीव्ही' हासुद्धा एलसीडीच असतो. एलईडी फक्त मागचा उजेड देतात.)

काळं पडण्याचे दोन प्रकार

पहिला प्रकार घाबरवतो, पण बिनखर्चाचा. भर दुपारी मीटर पूर्ण काळा, संध्याकाळी पुन्हा ठीक. द्रव मर्यादेबाहेर तापला की थवा विस्कटतो, वळण उरत नाही आणि दोन काटकोनी फिल्म सगळाच उजेड अडवतात. थंड झाल्यावर रेणू आपोआप रांगेत येतात. 1970 च्या दशकात इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी जे टिकाऊ द्रव बनवले, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध एकटा वापरला तर 35 अंशांच्या आसपासच विस्कटतो. आपल्याकडे मे महिन्यात त्याचा दुपारपर्यंतही निभाव लागला नसता. म्हणून मीटरमध्ये अनेक द्रवांचं मिश्रण घालतात. अशा वेळी गाडी सावलीत लावा, आमच्याकडे येऊ नका.

दुसरा प्रकार कायमचा: तपकिरी डाग, पुसट आकडे, बुडबुडे. हा पोलरायझरचा आजार. ऊन आणि आपली दमट हवा मिळून आयोडीनच्या साखळ्या तोडतात, फिल्मचं प्लास्टिकही कुजतं. जुनी फिल्म ब्लेडने कोपऱ्यातून उचलून सोलताना कधी कधी व्हिनेगरचा चक्क वास येतो. आमचा नवा मुलगा पहिल्या दिवशी जेवणाचा डबा शोधत होता. मग उरलेला गोंद पुसायचा, नवी फिल्म वर ठेवून फिरवायची आणि आकडे ठळक दिसले की चिकटवायची. 90 अंश चुकली तर काळ्यावर पांढरे आकडे येतात. आमच्याकडून एकदा तशी चूक झाली. तो पायलट रागावला, पण त्याच्या भावाने स्वतःच्या गाडीला मुद्दाम तसंच करून घेतलं. मागची फिल्म जळली असेल तर काम किचकट होतं, तेव्हा पाहूनच सांगतो.

ट्रॉलरवाल्यांना

पाण्यावरून परतणारी चकाकी बहुतांशी आडवी थरथरते. पोलराइज्ड गॉगल तीच अडवतो, म्हणून पाण्याखालचं दिसतं. पण फिश फाइंडरच्या (मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरच्या फिल्मची दिशा गॉगलशी जुळली नाही की पडदा काळा. मान तिरकी करून बघा. उजळला तर बिघाड नाही. खरी दुरुस्ती असेल तर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत आणा, तेव्हा सवडीने होते.

आमच्याने होत नाही ते

काच तडकून आत शाई पसरल्यासारखं झालं असेल तर द्रव सांडला आहे, तो डिस्प्ले बदलावाच लागतो. वजनकाट्याचं सील आम्ही तोडत नाही, त्याला परवानाधारक दुरुस्तीवालाच हवा. आणि आकडा येतो का बघायला डिस्प्लेला थेट बॅटरी लावू नका. त्याला दिशा बदलती वीजच चालते, एकाच दिशेच्या विजेने द्रव आतून खराब होतो.

मीटर खोलून आणण्याची गरज नाही. आकड्यांतल्या एक-दोन रेघाच येत नसतील तर निश्चितच खोलू नका: डिस्प्लेखाली झेब्रा पट्टी नावाचा, डिस्प्लेपर्यंत वीज पोचवणारा रबराचा बारीक तुकडा असतो, नुसता पुसला तरी अनेकदा काम होतं, आणि घरी खोललेल्या मीटरमधून नेमका तोच हरवतो.