कुंग्सलेडेन: आबिस्को ते निक्कालुओक्ता

कुंग्सलेडेन ही स्वीडनच्या उत्तर टोकाकडची लांब पल्ल्याची पायवाट, नावाचा सरळ अर्थ राजाची वाट. पूर्ण वाट आबिस्को ते हेमावान अशी साधारण ४४० किलोमीटरची आहे, पण बहुतेक लोक चालतात तो तिचा वरचा तुकडा, आबिस्कोहून निघून केबनेकाइसे डोंगराच्या पायथ्याने निक्कालुओक्ता या छोट्या वस्तीपर्यंत, साधारण १०५ किलोमीटर. पाठीवर सॅक घेऊन याला पाच ते सात दिवस लागतात आणि मधे कुठंही गाडीरस्ता लागत नाही. ही नोंद त्या तुकड्याचीच आहे.

आकडे बघून फसायला होतं. वाटेतली सगळ्यात उंच जागा म्हणजे चेक्चा खिंड, ती ११०० मीटरच्या थोडी वर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा (१६४६ मीटर) बरीच खाली. पण हा भाग ६८ अंश उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर आहे, त्यामुळे सहा-सातशे मीटरलाच बर्चची झाडं संपतात आणि पुढं नुसतं गवत, दगड, बुटकी झुडपं आणि वारा. खिंडीत जुलैमधेही बर्फ तुडवत जावं लागतं, आणि ऑगस्टमधे सकाळी ऊन असताना निघालेला माणूस दुपारी गारांच्या पावसात सापडू शकतो. आबिस्को स्वतः मात्र स्वीडनमधल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी एक आहे, वर्षभरात साधारण ३०० मिलिमीटर पाऊस, लोणावळ्यात जोरदार पावसाच्या एक-दोन दिवसांत एवढा पडून जातो. म्हणून पहिल्या दिवशीच्या हवेवरून पुढच्या दिवसांचा अंदाज बांधू नये, खिंडीपलीकडचं खोरं वेगळंच असतं.

ट्रेक सुरू होतो आबिस्को नॅशनल पार्कमधून. १९०९ मधे स्वीडनने एकदम नऊ नॅशनल पार्क केले, युरोपातले पहिले, त्यातलं हे एक. स्वीडनमधे मोकळ्या रानात कुणीही चालावं, एखादी रात्र तंबू टाकावा, असा सगळ्यांचा हक्क आहे, आणि १९९४ पासून तो राज्यघटनेत लिहिलेला आहे, पण या पार्कच्या हद्दीत मात्र ठरवून दिलेल्या जागीच तंबू लावायचा. पुढं आबिस्कोयौरे, आलेसयौरे, चेक्चा, सेल्का, सिंगी आणि केबनेकाइसे अशी मुक्कामाची ठिकाणं लागतात, बहुतेक एकमेकांपासून बारा ते बावीस किलोमीटरवर. सिंगीला मूळ कुंग्सलेडेन दक्षिणेला निघून जाते आणि हा ट्रेक तिथून पूर्वेला वळतो.

ही नावं सामी भाषेतली आहेत. यौरे म्हणजे तळं, व्हागे म्हणजे खोरं, त्यामुळे दोन-तीन शब्द कळले तरी नकाशा वाचता येतो. सामी लोक इथले मूळचे, आणि वाटेत दिसणारं प्रत्येक रेनडियर हे कुणातरी सामी कुटुंबाच्या मालकीचं असतं, स्वीडनमधे जंगली रेनडियर उरलेलेच नाहीत. उन्हाळ्यात पिल्लांच्या कानाला मालकाची खूण म्हणून ठरावीक आकाराची काप देतात. कळप दिसला की थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं, फोटोसाठी मागे धावायचं नाही, कारण चरायचे दिवस मोजकेच असतात आणि घाबरून पळालेला कळप परत गोळा करायला माणसांचे हाल होतात.

वाट शोधणं सोपं आहे, पण एक गोष्ट नीट समजून घ्या. उंच खांबांवर लाल फुल्या दिसतात, त्या हिवाळ्यातल्या स्कीच्या वाटेच्या खुणा. ती वाट गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलीवरून सरळ जाते, उन्हाळ्यात तिच्या मागे गेलात तर गुडघाभर चिखलात जाल. चालणाऱ्यांची खूण म्हणजे दगडांवरचे लाल ठिपके. दलदलीवर दोन-दोन फळ्या टाकलेल्या असतात, पाऊस पडला की त्या शेवाळलेल्या कातळासारख्या निसरड्या होतात, सॅकच्या वजनाने पाय सटकला की माणूस थेट बाजूच्या पाण्यात, त्यामुळे तिथं घाई नको.

मला विचाराल तर या ट्रेकचं खरं वैशिष्ट्य डोंगरांइतकंच इथल्या हटमधे, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या साध्या घरांमधे आहे. १८८५ मधे स्थापन झालेली स्वीडिश टुरिस्ट असोसिएशन या हट चालवते. केबनेकाइसेचं मोठं स्टेशन (रेल्वेचं नव्हे, डोंगरातलं मुक्कामाचं ठिकाण) सोडलं तर कुठं वीज नाही, नळ नाही. दाराशी बूट काढायचे, आत गेलं की बादल्या दिसतात, एकीत पिण्याचं पाणी, दुसरीत खरकटं पाणी. पाणी संपलं तर ज्याच्या लक्षात येईल त्याने बादली उचलून ओढ्यावर जायचं, सरपण करवतीने कापून कुऱ्हाडीने फोडायचं, शेगडीवर सगळ्यांचे ओले मोजे वाळत असतात. आणि सकाळी निघताना बादली भरून, लाकडं फोडून, जमीन झाडून मगच सॅक पाठीवर घ्यायची, पुढचा माणूस कदाचित भिजून कुडकुडत येणार असतो. पैसे भरले म्हणून यातून सुटका नाही, आणि ते मला फार आवडतं. आबिस्कोयौरे, आलेसयौरे आणि सेल्काला लाकडावर तापवलेला सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आणि छोटं दुकान आहे, चेक्चा आणि सिंगीला दुकान नाही, त्यामुळे शिधा त्या हिशोबाने उचलावा. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो तिथंच घ्यायचा. पाणी मात्र वाहत्या ओढ्यातलं तसंच पितात.

मोबाईलला बऱ्याच वाटेवर रेंज नसते, हटमधे इमर्जन्सी फोन असतात. जूनअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत डास अक्षरशः अंगावर तुटून पडतात, जुलैच्या मध्यापर्यंत आबिस्कोला सूर्य मावळत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला डास जातात, बुटके बर्च लालभडक होतात, रात्री काळोख परत येतो आणि आभाळ निवळ असेल तर ध्रुवीय प्रकाश दिसतो, पण हट महिन्याच्या मध्यानंतर बंद होतात.

केबनेकाइसेचं दक्षिण शिखर बर्फाचं आहे, जुन्या नकाशांवर त्याची उंची २१११ मीटर दिसते. ते वितळत गेलं आणि २०१९ मधे शेजारचं खडकाळ उत्तर शिखर, साधारण २०९६ मीटरचं, देशातलं सगळ्यात उंच ठरलं. शिखरावर जायचं असेल तर एक पूर्ण दिवस वेगळा लागतो. शेवटचा टप्पा १९ किलोमीटरचा, त्यात लाद्च्योयौरे तळ्यावर बोट मिळते, तिने सुमारे सहा किलोमीटर चाल वाचते. निक्कालुओक्ताहून उन्हाळ्यात किरुना शहरासाठी बस असते.