प्रिंटमेकिंगला प्रवेश घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि पोर्टफोलिओची तयारी

प्रिंटमेकिंगच्या, म्हणजे छापाचित्रकलेच्या, अर्जाची फाइल एकदा बघून द्या, असं म्हणत विद्यार्थी येतात, तेव्हा मी आधी छाप, म्हणजे प्लेटवरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर उमटवलेली चित्रं, बाहेर काढायला सांगते. गुणपत्रिका बहुधा ठीकच असतात. घोळ असतो तो छापाच्या खालच्या समासात: क्रमांक नाही, सही बॉलपेनने केलेली, आणि एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून काढलेला छाप) असो वा लिनोकट (लिनोलियम कोरून काढलेला), माध्यम म्हणून नुसतं 'प्रिंट' लिहिलेलं.

पण आधी पात्रता. पदवीसाठी शालेय शिक्षण पूर्ण असावं लागतं, त्यावर चित्रकलेची प्रवेश परीक्षा, पोर्टफोलिओ किंवा दोन्ही. अनेक ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्यांना सामाईक असतं आणि प्रिंटमेकिंग पुढे निवडायचं असतं. त्यामुळे अर्जात हा विषय दिसला नाही म्हणून गोंधळू नका, माहितीपत्रकातला विषयनिवडीचा नियम वाचा. पदव्युत्तरला कलेची पदवी लागते. पदवीला पेंटिंग घेतलेल्यांना अर्ज करता येतो का, हे शुल्क भरण्याआधीच विचारून घ्या. स्टुडिओंमधल्या अल्पमुदतीच्या कार्यशाळांना मात्र पदवीपेक्षा कामाचे नमुने महत्त्वाचे वाटतात. अगदी नवख्यांनी तिथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा स्वतः प्लेट पुसून छाप काढला की हे काम आपल्याला झेपेल का, आवडेल का, ते कळतं.

कागदपत्रांत गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, शिफारसपत्र आणि आपल्याला हे का शिकायचंय ते सांगणारं छोटं निवेदन. सगळीकडे नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असू द्या. शिफारसपत्र ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलंय अशा शिक्षकांकडून घ्या आणि त्यांना निदान दोन आठवड्यांचा वेळ द्या.

सुरक्षेचं हमीपत्र मागितलं, तर ते न वाचता सही करू नका. सज्ञान नसाल तर पालकांची संमतीही लागते. दमा, त्वचेची ॲलर्जी असेल तर ती लपवू नका. जस्ताच्या प्लेटवर नायट्रिक आम्ल चढतं तेव्हा रेषांवर बुडबुडे उठतात आणि त्यासोबत निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो. तांब्यासाठी वापरतात त्या फेरिक क्लोराइडने तसा धूर होत नाही, तरी हातमोजे आणि चष्मा हवाच. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

आता पोर्टफोलिओ, कारण अर्जातला सगळ्यात बोलका कागद तोच. 1960 साली व्हिएन्नातल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ छापाचित्र कशाला म्हणावं हे ठरवलं. त्यात कलावंताच्या सहीबरोबर एकूण छापांची संख्या आणि त्या छापाचा अनुक्रमांक असावा, असं म्हटलंय. रूढ पद्धत अशी: चित्राच्या खाली, पेन्सिलीने, डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. 3/15 म्हणजे पंधरांच्या आवृत्तीतला तिसरा. आवृत्तीबाहेर कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या छापावर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहितात. मोनोटाइप (न कोरलेल्या प्लेटवर शाईने चित्र काढून घेतलेला छाप) एकच निघतो, त्याला आवृत्तीचा क्रमांक देऊ नका. ड्रायपॉइंटवर (आम्लाशिवाय, थेट सुईने ओरखडलेल्या प्लेटच्या छापावर) 1/100 लिहून तर मुळीच पाठवू नका. सुईने उठवलेली धातूची कड प्रेसखाली लवकर दबते आणि मखमली रेष थोड्याच छापांत विरते. प्लेटवर पोलादाचा थर चढवला नसेल, तर जाणकाराला तो आकडा लगेच खटकेल.

नुसते देखणे छाप लावू नका. एकाच प्लेटचे तीन टप्पे शेजारी ठेवा: पहिली रेघ, मग ॲक्वाटिंट (प्लेटवर आम्लाने आणलेल्या छटा), मग शेवटचा छाप. पिकासोने 1945-46 मध्ये लिथोग्राफीत (सपाट दगडावर चित्र काढून छापण्याच्या पद्धतीत) बैलाचं चित्र अकरा टप्प्यांत बदलत नेलं, भरदार जनावरापासून मोजक्या रेषांपर्यंत. तो बैल आपल्याला कळतो, कारण मधले छाप जपले गेले. फसलेला टप्पाही ठेवा, आणि पुढच्या वेळी काय बदललंत ते एका ओळीत लिहा. शिवाय एकाच आवृत्तीतले दोन छाप सोबत ठेवा. दोन्हींतली शाई सारखी बसलीय का, समास सरळ आहेत का, ते एका नजरेत दिसतं. समासात अंगठ्याचा काळा ठसा राहिला असेल तर तो छाप बाजूला काढा.

ऑनलाइन अर्जासाठी फोटो काढताना काच काढून टाका. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवा, कॅमेरा कागदाला समांतर धरा आणि चौफेर समास दिसू द्या. एचिंगचा एक फोटो बाजूच्या तिरप्या उजेडातही काढा, म्हणजे कागदात उमटलेली प्लेटची कड दिसेल. मथळ्यात शीर्षक, माध्यम, प्लेटचं आणि कागदाचं माप (आधी उंची, मग रुंदी) आणि वर्ष लिहा. फाइलचा आकार सूचनेत दिलेल्या मर्यादेतच ठेवा. अर्ज क्रमांक आणि शुल्काची पावती लगेच जतन करा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

मुलाखतीला मूळ छाप न्यायचे असतील तर दोन कागदांमध्ये आम्लमुक्त टिश्यू घाला आणि गुंडाळी न करता सपाट फोल्डरमध्ये न्या. तेलाची शाई वाळायला कित्येक दिवस लागतात. मुलाखतीच्या तारखेपासून मागे मोजा आणि शेवटचा छाप निदान दोन आठवडे आधी काढून ठेवा.